हात दुखत नाहीत म्हणालो

गुरुजी,

तुम्हाला जाऊन पस्तीस वर्षं झाली. तुम्ही गेलात तेव्हा तुमचं वय माझ्या आजच्या वयाएवढंच असावं. जे सांगायचं आहे ते घरात कुणाला सांगता येत नाही आणि विठोबापुढे उभं राहून बोलायचं धाडस होत नाही, म्हणून तुम्हाला लिहायला बसलो.

फाळणीनंतर पिंपरीच्या मिलिटरी कॅम्पातल्या बराकींत सिंधकडची माणसं येऊन राहिली. आमच्या माळाचा एक तुकडा त्यांच्या वसाहतीत गेला, आणि तेव्हापासून थोरल्या भावाच्या तोंडी दुसरा विषय नाही. विहिरीचं पाणी खाली गेलं तरी निर्वासित, बाजारात भाजी महाग झाली तरी निर्वासित. माळ गेल्याचं दुःख मलाही आहे. पण तो त्या माणसांबद्दल जे बोलतो ते ऐकवत नाही. 'घरदार टाकून पळालेली जात ती. उद्या आपल्या चुलीपाशी येऊन बसंल,' असं तो जेवताना म्हणाला, तेव्हा मी एवढंच म्हणालो, 'पळाले नाहीत, त्यांना घालवून दिलं.' भाऊ हसला. 'मग जा की तिकडं ऱ्हायला. एखादी बराक रिकामी असंल.' सगळं घर हसलं. माझा मुलगा हसला, आणि त्याची आईही पदराआड हसली. त्या दिवसापासून मी ओसरीवर आलो की बोलणं थांबतं. मी जेवायला बसतो तोवर बाकीच्यांची जेवणं झालेली असतात.

तेव्हा तुमची आठवण येते. तुम्ही कोकणातून आलात. गावानं मुलं शिकवायला तुम्हाला आणलं, पण राहायला खोली दिली नाही. देवळाच्या ओवरीत तुम्ही भात शिजवायचात, आणि आम्ही तुम्हाला भातखाऊ म्हणायचो. मी तर तुमची नाकातली बोली हुबेहूब काढायचो. एके दिवशी तुम्ही मागून ते ऐकलंत. वाटलं, छडी बसणार. तुम्ही मला ओवरीत नेलंत, भात आणि कुळथाचं पिठलं वाढलंत आणि स्वतः बाहेर पायरीवर जाऊन बसलात. माझं जेवण संपेपर्यंत आत आला नाहीत. मग विचारलंत, 'कसा लागला घास? एकट्याचा घास मोठा होतो, बाळा. गिळता येत नाही.' पुन्हा कधी मी तुमची नक्कल केली नाही. तेवढ्यावरच मी स्वतःला सुधारलेला समजत आलो.

यंदाच्या माघातल्या सप्ताहाची गोष्ट. सात दिवस वीणा खाली टेकवायची नाही, घराघरानं पहारा वाटून घ्यायचा, हे तुम्हाला ठाऊकच आहे. तुम्हीच ओवरीच्या भिंतीवर कोळशानं पाळ्या लिहून ठेवायचात. दुपारी दोन ते चार माझा पहारा होता, चारनंतर भावाचा. त्या दिवशी कॅम्पातला एक साठीचा गृहस्थ येऊन खांबापाशी बसला होता. सायकलवर कापडाचे तुकडे विकत तो गावोगाव फिरतो. भजनातले शब्द त्याला येत नव्हते, पण डोळे मिटून ताल बरोबर धरत होता. चार वाजले. भाऊ दारापर्यंत आला, त्याला पाहिलं आणि मागं फिरला. पारावरून त्याचा आवाज मला ऐकू येत होता. 'ते उठल्याबिगर मी आत पाय ठिवायचा न्हाई. त्याच्याच गळ्यात घाला म्हणावं वीणा!'

मी उभाच राहिलो. साडेचार झाले, पाच झाले. खांद्यातून कळ येत होती, बोटं थरथरत होती. तो गृहस्थ उठला, बाहेर जाऊन हातपाय धुऊन आला आणि माझ्यासमोर दोन्ही हात पुढं करून म्हणाला, 'दादा, बहोत टाइम झाला. थोडा वेळ मैं पकडूं? सुबह आंघोळ करके आया हूं.'

गुरुजी, देवळातलं भजन थांबलं होतं. वीणा घेणाऱ्यानं देणाऱ्याच्या पाया पडायचं आणि देणाऱ्यानं घेणाऱ्याच्या, हा आपला रिवाज. मला फक्त वाकायचं होतं. मी म्हणालो, 'हात दुखत नाहीत.' त्यानं माझ्या थरथरणाऱ्या बोटांकडं पाहिलं, विठोबाला हात जोडले, आणि चपला पायात न घालता हातात घेऊनच निघून गेला. लगेच भाऊ आत आला. वीणा घेताना तो, माझा थोरला भाऊ, माझ्या पाया पडला आणि कानाशी पुटपुटला, 'रक्त ते रक्तच शेवटी.' काल्याच्या पंगतीत त्यानं मला शेजारी बसवून घेतलं, मुलानं आग्रहानं वाढलं. इतक्या दिवसांनी घर माझ्याशी बोलत होतं. माझा घास काही केल्या खाली उतरेना.

मी भावाला भ्यालो, असं मनाला सांगत आलो आहे. ते खरं नाही. त्या गृहस्थानं हात पुढं केले तेव्हा मला भाऊ आठवलाच नाही. याच्या पाया कसं पडायचं, एवढंच मनात आलं. तो विचार माझा होता.

हे पत्र पाठवणार कुठं? तुम्ही तापानं गेलात तेव्हा कुणाला कळवायचं हे गावात कुणालाच माहीत नव्हतं. आठ वर्षं तुमच्यापुढं बसून मी अक्षरं गिरवली, पण तुमचं गाव कोणतं ते विचारलं नाही. त्या कापडवाल्याचंही विचारलेलं नाही. कॅम्प इथून दोन मैल, नदीपलीकडं आहे. परवा नदीपर्यंत गेलो होतो आणि परत आलो.