वेळेचा रकाना

प्रिय बाबा,

पत्र पाहून दचकू नका. माझी तब्येत ठणठणीत आहे, पासपोर्ट जागेवर आहे आणि मी कुणाच्या प्रेमात पडलेली नाही. आईच्या तिन्ही काळज्या एका ओळीत मिटवल्या. आता चष्मा लावा आणि ओट्यावर नीट टेकून बसा, कारण पत्र लांबणार आहे. तुम्ही रोज सकाळी रजिस्टरच्या पानाचा फोटो पाठवता, तसेच मी या पानांचे फोटो काढून तुम्हाला पाठवणार आहे. खरं तर हे फोनवरच सांगायचं होतं. या आठवड्यात दोनदा प्रयत्न केला. दोन्ही वेळा तुम्ही तिसऱ्या विहिरीतल्या कासवाबद्दल अकरा मिनिटं बोललात आणि मी ‘हो का, हो का’ करत फोन ठेवला. माझी बोलायची हिंमत होत नव्हती, त्यामुळे कासवाचे उपकारच झाले.

आज शनिवार, दुपारचे दोन वाजलेत. विद्यापीठातल्या आमच्या विभागात चिटपाखरू नाही. सुट्टीच्या दिवशी इथे खोल्या गरम ठेवत नाहीत, म्हणून कोट अंगात ठेवूनच बसलेय. माझं टेबल शेवटच्या खोलीत, खिडकीपाशी. शेजारच्या टेबलावर बर्फाचा अभ्यास करणारी एक मुलगी बसते. तीन महिन्यांत ती माझ्याशी एकूण नऊ वाक्यं बोलली असेल, त्यातली चार खिडकी उघडण्याबद्दल. वाईट नाही हो ती, इथे सगळेच असे कामात बुडालेले. मी मात्र सकाळी जिना चढतानाच ‘गुड मॉर्निंग’ची तालीम करत येते. पहिल्या आठवड्यात तर दोन दारांच्या मधल्या बोळात अडकले होते. मागचं दार लागलं आणि पुढचं माझ्या कार्डाने उघडेना. वीस मिनिटं तिथे उभी राहून, आग लागल्यास काय करावे, ही पाटी तोंडपाठ केली. शेवटी सफाईच्या मावशींनी सोडवलं. हे तुम्हाला सांगितलं नव्हतं. उगाच घोर कशाला लावा, म्हणून नाही सांगितलं. आपल्या घराण्याची रीतच आहे ती, नाही का?

इथल्या माझ्या प्रोफेसर बाईंबद्दल सांगितलंय तुम्हाला. साठीच्या, आखूड केसांच्या, पायात कायम चिखलाचे बूट. चाळीस वर्षं जमिनीखालचं पाणी मोजतायत. त्या रागावत नाहीत, आणि मला भीती वाटते ती त्याचीच. तिकडचे आपले गाईड सर कडाडले की निदान आपण कुठे उभे आहोत ते कळतं. बाई नुसतं विचारतात आणि उत्तर येईपर्यंत थांबतात.

मंगळवारी त्यांनी सगळ्यांसमोर माझा आलेख भिंतीवर लावला. तुम्हाला तो माहीतच आहे. ज्याच्या जोरावर मला इथे बोलावलं, तोच. आई त्याला चौकटीत घालून टीव्हीच्या वर लावायचा म्हणत होती आणि तुम्ही एकदम कडक आवाजात ‘काही नको’ म्हणालात. मला वाटलं, हा तुमचा विनय. टेकाडावरच्या पाचव्या विहिरीचं पाणी उतरलं की बरोबर चार दिवसांनी खालच्या चारही विहिरी उतरायला लागतात, एवढंच माझं म्हणणं. सात वर्षांचं शिक्षण एका वाक्यात मावतं, बघा. ते म्हणणं सगळ्यात स्वच्छ दिसतं ते गेल्या उन्हाळ्यातल्या तेवीस दिवसांत. बाकी तीन वर्षांच्या रेघा म्हणजे कोंबडीने पाय ओढावेत तशा, आणि हे तेवीस दिवस मात्र पट्टीने आखल्यासारखे. मी त्यावर किती मिरवलेय!

बाईंनी विचारलं, मोजतं कोण? मी ताठ मानेने सांगितलं, माझे वडील. कसे मोजतात तेही सांगितलं. लोखंडी टेपच्या टोकाला खडू फासायचा, काठावरच्या खुणेला धरून टेप विहिरीत सोडायची, वर ओढल्यावर खडू कुठवर ओला झालाय ते वाचायचं, वजाबाकी करायची, लिहायचं. रोज, पाच विहिरी, तीन वर्षं. बाई खूश झाल्या. म्हणाल्या, यंत्रापेक्षा अशी माणसं भरवशाची. आणि मग त्या तेवीस दिवसांवर बोट ठेवून म्हणाल्या, की इथे मात्र एकदा उतरायला लागली की प्रत्येक विहीर रोज नेमकी दोन सेंटिमीटर उतरलीय, ना एक, ना तीन. पाणी इतकं आज्ञाधारक नसतं.

बाबा, माझ्या तोंडचं पाणी पळालं. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या होत्या, बर्फवालीचीसुद्धा. बाईंनीच मला वाट काढून दिली. त्या दिवसांत शेतावरचे पंप बंद होते का? उपसा नसेल तर पाणी असं सरळ उतरू शकतं. मी म्हटलं, बघून सांगते. सोमवारपर्यंत सांग, म्हणाल्या.

पंप चालू होते, हे तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही. पण ‘बंद होते’ असं मी म्हटलं, तर इतक्या लांब कोण येणार होतं पडताळायला? झाकली मूठ सव्वा लाखाची. आलेख राहिला असता, प्रबंध राहिला असता, तुमचं नावही राहिलं असतं. मंगळवारपासून मला दुसरं काही सुचत नाहीये. जेवणाच्या टेबलावर घास घेते आणि ‘पंप बंद होते’ हे वाक्य इंग्रजीत मनातल्या मनात म्हणून बघते. व्याकरणात एकदम बरोबर बसतं हो. बाई कॉरिडॉरमध्ये दिसल्या की मी पाणी प्यायच्या निमित्ताने वळते. या आठवड्यात मी जेवढं पाणी प्यायलेय तेवढं आपल्या दुसऱ्या विहिरीत नसेल.

बुधवारी तुम्ही पाठवलेले पानांचे सगळे फोटो उघडून बसले. खरं सांगते, तेव्हा मला तुमचा राग आला होता. मी आजवर त्यातले फक्त पाण्याचे आकडे उतरवून घेतले. तारखेशेजारचा वेळेचा रकाना मी कधी वाचलाच नव्हता. माझ्या कामाचा नव्हता. पण तुम्ही तो प्रत्येक विहिरीसमोर भरलाय. पहिली विहीर सहा दहा, दुसरी सहा अठरा, पाचवी सात दोन. तीस वर्षं एसटी स्टँडवर कंट्रोलर होतात, मिनिट सोडाल कसे? मावशीचे यजमान गाडी घेऊन सात मिनिटं उशिरा आले, तर तुम्ही सात मिनिटं उशीर असंच लिहिलंत. मावशी वर्षभर आपल्या दारात आली नाही, पण तुमची नोंद बदलली नाही.

त्या तेवीस दिवसांचे आकडे तुम्ही मला फोनवर सांगत होतात, फोटो बंद होते. म्हणालात, फोनचा कॅमेरा बिघडलाय. पानं नंतर एकदम आली. त्या पानांवर पाण्याचे आकडे आहेत आणि वेळेचा रकाना रिकामा आहे. एकशे पंधरा ओळी, आणि एकातही वेळ नाही. पाण्याचे आकडे तुम्ही मनाने लिहिलेत, पण जिथे गेलाच नाहीत तिथली वेळ लिहायला तुमचा हात वळला नाही.

मग मी सुतावरून स्वर्ग गाठायला लागले. त्या दिवसांतले फोन आठवले. सकाळी साडेसातला यायचा तो फोन दुपारी बाराला यायचा. आवाज घोगरा होता, म्हणालात सर्दी. एकदा मागून एक बाई बोलली, ‘काका, हात सरळ ठेवा.’ मी विचारलं कोण आलंय, तर म्हणालात टीव्ही चालू आहे. भर दुपारी टीव्ही लावला म्हणून आईशी भांडणारे तुम्ही. आणि मला ते खरं वाटलं, कारण मी इकडच्या अर्जाची पानं भरत होते आणि मला फक्त आकडे हवे होते. परवा आईला आडून विचारून पाहिलं. तिने ताकास तूर लागू दिली नाही. म्हणाली, ‘तू आधी नीट जेवतेस का ते सांग.’ आणि मग गप्प बसली. आई फोनवर गप्प बसली, बाबा. एवढं मला पुरलं.

गुरुवारी मी वेळेचा रकाना लॅपटॉपमध्ये भरला आणि त्याचा आलेख काढला. पहिल्या विहिरीपासून पाचवीपर्यंत किती मिनिटं लागली, एवढाच. तो मी कोणाला दाखवलेला नाही. पहिली दोन वर्षं रेघ बावन्न मिनिटांच्या आसपास. मग तेवीस दिवस काही नाही. त्यानंतरच्या पहिल्या सकाळी एक तास वीस मिनिटं. हिवाळ्यात दीड तास. आणि मी इथे आल्यापासून वाढत वाढत परवा दोन तास पाच मिनिटं. खालच्या चार विहिरींना थोडाच वेळ जास्त लागतोय. सगळा वेळ जातो तो चौथीपासून पाचवीपर्यंतच्या चढावर. आधी चौदा मिनिटं लागायची, आता ऐंशी. शेऱ्याच्या रकान्यात तुम्ही लिहिलंय, ‘वाटेत ओळखीचे भेटले.’ आठवड्यातून पाच वेळा. त्या चढावर कोण ओळखीचं भेटतं हो? तिथे शेळ्यासुद्धा जात नाहीत. तुम्ही तिथे बसता. कुठल्या सपाट दगडावर बसत असाल तेही मला कळतं. छातीला हात लावून बसता की गुडघ्याला, तेवढंच माझ्या आलेखात दिसत नाही.

सोमवारी मी बाईंना खरं तेच सांगणार आहे. पंप चालू होते, ते तेवीस दिवस कोणीही मोजलेले नाहीत, तो आलेख काढून टाका. तुमचं नाव खराब होईल असं काही बोलणार नाही. तुम्ही आजारी होतात आणि मी नीट तपासलं नाही, एवढंच. उरलेल्या कोंबडीच्या रेघांतून माझं म्हणणं निघेल का, ठाऊक नाही. आडात नसेल तर पोहऱ्यात येणार नाही. पदवी लांबेल. सर कडाडतील. कदाचित बाई मला सहा महिन्यांऐवजी चारच महिन्यांत परत पाठवतील. या सगळ्याची भीती वाटते, खूप वाटते. पण ही भीती माझी मी निभावून नेईन. तुम्हाला त्यासाठी पत्र लिहिलेलं नाही.

पहिल्या वर्षी एक दिवस चुकला होता. तुमच्या मित्राच्या मुलीचं लग्न होतं, तुम्ही आदल्या दिवशी गेलात आणि पहाटेची गाडी मिळाली नाही. मी फोनवर काय बोलले ते तुम्ही विसरला असाल असं मी स्वतःला तीन वर्षं सांगत आले. मी म्हटलं होतं, ‘एक दिवस चुकला म्हणजे माझं सगळं वर्ष गेलं. तुम्हाला झेपत नसेल तर तसं सांगा, मी पगार देऊन माणूस ठेवते.’ तुम्ही एवढंच म्हणालात, ‘नाही चुकणार.’ आणि दवाखान्यातल्या पलंगावर, हाताला सुई टोचलेली असताना, तुम्ही रोज पाच विहिरींतून दोन-दोन सेंटिमीटर पाणी वजा करत पडलात. खालच्या विहिरींना आठवणीने चार दिवस उशीरही दिलात. मला हवं होतं तसंच पाणी दिलंत, कारण पोरगी रागावेल. बाबा, चूक त्या आकड्यांत नव्हती, माझ्यात होती. मला माफ करा. हे लिहायलाच मी आज बसले. उद्या सकाळी विहिरींवर जाऊ नका, एकाही नको. आईला घेऊन दवाखान्यात जा, डॉक्टरांना त्या चढावरच्या ऐंशी मिनिटांचं सांगा, आणि ते काय म्हणाले ते मला फोन करून जसंच्या तसं सांगा. पाण्याचं काही सांगू नका. तुमचं सांगा.

तुमचीच,
धाकटी