एल्डरटनचं झाकण

५ नोव्हेंबर १९८३, जर्सी सिटी
पोचले बाई एकदाची! मी बोलते, सून लिहिते. पद्मिनीचं अक्षर मोत्यासारखं आहे म्हणतात. मला काय, मोती आणि मुंग्या सारख्याच. प्रसन्नचं घर चौथ्या मजल्यावर. ओट्याशेजारी भिंतीत लोखंडी झडप आहे, रंगानं चिकटून बसलेली. तिच्यामागच्या पोकळीतून पूर्वी तळघरातलं सामान दोरीनं वर ओढत. प्रसन्न म्हणाला, आई, तिला हात लावू नकोस. म्हटलं, तुझ्या घरात हात लावण्याजोगं आहे तरी काय, सगळं बटणावर!

९ नोव्हेंबर
इमारतीची देखभाल करणारा अर्नी तळघरात राहतो. माझ्याच वयाचा इंग्रज, जुना नौसैनिक. चहाला बोलावला. बोलता बोलता त्यानं लढाईतल्या आपल्या विनाशिकेचं नाव घेतलं, एल्डरटन. माझ्या हातची बशी पडली. इंग्रजीतला तेवढाच शब्द मी एकेचाळीस वर्षं पाठ ठेवलाय. ह्यांची मालवाहू बोट बुडाली, तेव्हा एल्डरटननं ह्यांना पाण्यातून उचललं. मग तीही बुडाली. पत्रात होतं, बेपत्ता. मेलेलं कुणी पाहिलं नाही, मी कुंकू पुसलं नाही. प्रसन्न दर पितृपक्षात म्हणतो, दर्भाचा पुतळा करून दहन करू, बाबांना गती मिळेल. तसे हे बोलायचे पुतळ्याइतकंच, पण म्हणून गवताला नवरा म्हणू?

११ नोव्हेंबर
पद्मिनीनं अर्नीला सगळं विचारून घेतलं. बोटींच्या राखणीला एल्डरटननं बावीस फेऱ्या केल्या. तेविसाव्या फेरीला टॉर्पेडो लागला. वाचवलेले खलाशी खाली होते. पाणी वर चढू नये म्हणून हुकूम सुटला, खालच्या वाटेचं लोखंडी झाकण लावा. लावलं अर्नीनंच. खालून ठोकत राहिले. जहाज बुडालं ते बुडालंच.
जाताना म्हणाला, लोखंडातून ठोका ऐकू आला तर उत्तर देऊ नका.

१२ नोव्हेंबर
दुपारी झडपेमागे, फार खोल, ठक ठक. पद्मिनी म्हणाली, पाइप असेल. मी लाटण्यानं तीनदा ठोकलं. कसं राहवेल? खालून तीनच आले.

१४ नोव्हेंबर
अर्नी गेला. अंथरूण कोरडं, तोंडातून पाणी. समुद्राचा वास, प्रसन्न म्हणाला.
ठोके वर सरकलेत.

१५ नोव्हेंबर
आता आमच्या खालच्याच मजल्यावर. मी पुतळ्याला हो म्हणाले — पण भटजी रविवारीच मोकळे —

१६ नोव्हेंबर
झडपेच्या कडेनं पाणी. पद्मिनी म्हणते, आई, बाहेर चला. एवढी वर्षं कुंकू लावलं, आता दारात आले तर घरात नाही म्हणू?
रंग सुरीनं खरवडला. थांबू नको ग, लिही —
उघडली. अंधार. हात — गार — ह्यांचाच —
मागे आणखी. किती — पद्मिनी, एकटे नाहीत हे — लोट, ह्यांनाही लोट — झडप ला