साडूच्या मोटरीची धार

४ एप्रिल, सोमवार
बोटीला मोटर आणली. सेकंडहँड, पण फारशी वापरलेली नाही असं पहिला मालक स्वतःच म्हणाला. साडूच्या मोटरीपेक्षा मोठी. हे कुणाला सांगत सुटलो नाही. फक्त ट्रेलर असा वळवून ठेवला की कव्हरवरचा हॉर्सपॉवरचा आकडा कुंपणापलीकडे साडूच्या खिडकीतून दिसावा. मला हेवा वगैरे नाही. दोघी बहिणी, शेजारी-शेजारी घरं आणि समोर एकच तळं म्हटल्यावर तुलना लोकच करतात.

सतरा तारखेला सासूबाईंचा पंचाहत्तरावा वाढदिवस. जेवण मेव्हण्याकडे, तळ्यापलीकडे. दर खेपेला बायको ताईबरोबर साडूच्या बोटीत बसते आणि मी वल्ही मारत मागून पोचतो. तोवर सरबत संपलेलं असतं. आज तिला स्पष्टच विचारलं. म्हणाली, मोटर धड चालली तर तुमच्या बोटीत बसेन. लेखी घ्यायला हवं होतं.

५ एप्रिल, संध्याकाळ
बोट अजून ट्रेलरवरच. तरी साडू ऑफिसातून यायच्या वेळेला अंगणातच मोटर चालू केली. आवाज दणदणीत. साडू बॅग हातात घेऊनच कुंपणाशी आला आणि म्हणाला, पाण्याशिवाय चालवू नकोस, आतलं जळतं. काय जळतं ते मला चांगलं दिसत होतं. बघतो म्हटलं आणि आणखी पाच मिनिटं चालू ठेवली.

निश्चय: रोज संध्याकाळी हाच कार्यक्रम. मोटर मोकळी होते.

८ एप्रिल
चार दिवस नेमाने चालवली. आज साडूने खिडकी लावून घेतली. बरं वाटलं.

९ एप्रिल, शनिवार
बोट पाण्यात उतरवली. धक्क्यापासून जरा दूर जातो तोच मोटर पी-पी करून शिट्टी मारायला लागली. हात लावला तर तापलेला तवा. बंद केली, वल्ही मारत परत.

साडू धक्क्यावरच होता. या माणसाला दुसरी कामं नसतात. त्याच्या मोटरीतून मागे पाण्याची धार पडते, करंगळीएवढी जाड, अखंड. तळ्यातलं पाणी ओढायचं, मोटर गार करायची आणि बाहेर टाकायचं, अशी ती व्यवस्था. माझी थेंब-थेंब. घरी येऊन बायकोला म्हटलं, त्याची धार बघ आणि माझी बघ. म्हणाली, वयानुसार होतं. साडू माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा आहे.

पंपातला रबरी पंखा गेला असेल, उघडून बघू का, असं साडूने विचारलं. नको म्हटलं. आधी मोटर उघडून देणार, मग घरभर सांगत फिरणार.

१० एप्रिल
पाणी ओढायच्या जाळीत शेवाळ होतं. काढलं. धारेच्या भोकात तार घालून कोचलं. तार आतच मोडली. भोक आता निदान तारेपुरतं तरी मोकळं असणार.

१२ एप्रिल
थर्मोस्टॅट बदलला. ऑइल बदललं. पेट्रोल बदललं. तापतेच. मेकॅनिककडे नेणार नाही. तो साडूचाही मेकॅनिक, संध्याकाळच्या आत बातमी कुंपणापलीकडे जायची.

बायको ताईकडे जाऊन आली. भाऊजींनी बोटीत निळी गादी टाकलीय म्हणे, किती मऊ. भाऊजींचं हे, भाऊजींचं ते. जेवलो नाही. नंतर जेवलो.

१३ एप्रिल
दोन गाद्या आणल्या. लाल.

१४ एप्रिल
माझा दृष्टबिष्ट लागण्यावर विश्वास नाही. पण त्या माणसाने कुंपणावरून बघेपर्यंत मोटर उत्तम होती.

मोटरीवर ओला टॉवेल टाकून पाहिला. थोडी सुधारणा. टॉवेल करपला.

१६ एप्रिल, शनिवार
दोष सापडला. सगळा घोळ शिट्टीचा. ती वाजते म्हणून आपण मोटर तापली असं धरून चालतो. शिट्टीची वायर कापली. बायकोला बसवून धक्क्याजवळच एक छोटी चक्कर मारली, अगदी शांतता. बरी चालते की, म्हणाली. इतक्या वर्षांत तिने माझ्या कशालाही बरं म्हटल्याचं आठवत नाही.

उद्या साडूला मागे टाकणार.

१७ एप्रिल, रविवार, दुपार
मेव्हण्याच्या गच्चीवर बसून लिहितोय.

दोन्ही बोटी एकदमच निघाल्या. सासूबाई, ताई आणि साडू त्यांच्या बोटीत. माझ्या बोटीत बायको, मांडीवर केक. मी साडूला खरोखर मागे टाकलं. नेमकं तेव्हा सगळे केककडे बघत होते. मग मोटरीतून धूर आला, रबर जळल्याचा वास आला आणि भर तळ्यात ती बंद पडली.

साडूने बोट जवळ आणून दोरी टाकली. रबरी पंख्याबद्दल पुन्हा काहीतरी सांगत होता. ताई म्हणाली, तू इकडे ये गं. साडूने हात पुढे केला. सासूबाईंनीही बोलावलं, सरकून जागासुद्धा केली. बायको जागची हलली नाही. मी इथेच बरी आहे, म्हणाली. डोळे भरून आले माझे. दोरीने ओढत का होईना, पण ती माझ्या बोटीतून पोचली. साडूचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

सरबत मिळालं.

१७ एप्रिल, संध्याकाळ
जेवणानंतर बायकोला एका बाजूला घेऊन म्हटलं, सगळे बोलावत होते तरी तू माझी बोट सोडली नाहीस, हे मी जन्मभर विसरणार नाही. ती म्हणाली, अहो, मला पोहता येत नाही. भर पाण्यात या बोटीतून त्या बोटीत पाय कोण टाकणार?

निघताना धक्क्यावरून सगळ्यांत आधी तीच साडूच्या बोटीत चढली. ताईने मलाही बोलावलं. पण ओढून न्यायच्या बोटीत दिशा धरायला कुणीतरी लागतं, असं साडू म्हणाला. म्हणून वल्हं घेऊन मी मागे एकटा बसलो.

अर्ध्या वाटेत बायकोने वळून बघितलं आणि हात केला. मीही केला. तिने पुन्हा केला. मी उभा राहून केला. मग साडूने ओरडून सांगितलं की ती मला दोरी सुटत आल्याचं दाखवतेय.