ऋचाची सुटलेली हॉकी

शनि. १२ नोव्हें. २००५, रायस्वाइक, नेदरलँड्स
आजपासून ऋचाची हॉकी बंद. मिलिंदचा हुकूम. लेकीला फिजिक्समध्ये दहापैकी साडेसहा पडले, झालं! "शाळेचं शेवटचं वर्ष म्हणजे बारावी. बारावीला कसला खेळ? आमच्याकडे केबलसुद्धा काढतात." अरे, पण हे पुणं आहे का? इथे साडेसहाला कुणी रडत नाही. ऐकतो कोण! पोरगी स्टिक बाल्कनीत केरसुणीशेजारी ठेवून आली.

बुध. १६ नोव्हें.
कोच अनेकेचा फोन. सीझन अर्ध्यावर, गोलकीपर एकच, ती ऋचा. "तिने टीमला स्वतः येऊन सांगायला हवं होतं." कशी सांगणार? मि.ने परस्पर ईमेल टाकून दिली. वर शनिवारी क्लबच्या कँटीनमध्ये आमची पाळी. ती वर्षभराची ठरलेली, पोर खेळो न खेळो, आईबापांना चुकत नाही. त्या पोरींच्या आयांना कॉफी द्यायला उभं कोण राहणार? मीच.

शनि. १९
राहिले. आपल्या पोरी सडकून हरल्या. मला कुणी वाकडं बोललं नाही, तेच जास्त लागलं.

गुरु. ९ फेब्रु. २००६
फिजिक्स साडेसात. मि.ची कॉलर ताठ. "बघ!" ऋचाने अर्ज केलेल्या निवासी कॉलेजकडून मुलाखतीचं बोलावणंही आलं. ऋचाला दुसरीकडे कुठे जायचंच नाहीये. देवा, होऊ दे.

शुक्र. ३ मार्च
आज मुलाखत झाली. डोकं फिरलंय. मि.ने घोकून घेतलं गणित, भारताची अर्थव्यवस्था, आणि काय काय. मार्कांबद्दल चकार शब्द नाही! मुलाखत घेणारे अर्जातल्या हॉकीवरून एकच धरून बसले: टीम मध्येच का सोडलीस? इथे सगळे एकत्र राहतात, उद्या यांनाही असंच सोडशील?
ऋचा म्हणाली, "माझा निर्णय होता."
मि. गाडीत उखडला. "खरं का नाही सांगितलंस?"
एरवी डचमध्ये उत्तर देणारी पोर चक्क मराठीत म्हणाली, "घरातलं बाहेर सांगायचं नाही, असं तूच म्हणतोस ना, बाबा?"


मंगळ. १४ मार्च
पत्र आलं. होकार नाही, नकार नाही. सोमवारी पुन्हा या, त्याच मुद्द्यावर बोलू.
जेवताना मि. ताटात बघत, "माझं नाव सांग. बाबांनी सोडायला लावलं म्हण."
"नको. ते तुला काय समजतील?"
"समजू देत."
"नको म्हटलं ना!"
हट्टाला बापलेक सारखेच. यात प्रवेश हातचा जाणार, आणि मी आपली आमटी वाढतेय.

शनि. १८ मार्च
कँटीनची पाळी. मि. म्हणाला, मी जातो. चार वर्षांत पहिल्यांदा!
दुपारी अनेकेचा फोन. कॉफी राहिली बाजूला, हा टीमसमोर उभा राहून मोडक्यातोडक्या डचमध्ये माफी मागत होता. म्हणे, हॉकी मी सोडायला लावली, तिने आपणहून सोडली नाही. अनेकेने विचारलं, "ऋचाला माहीत आहे का?"
नाही. ती आत बसून सोमवारसाठी "माझा निर्णय" पाठ करतेय.
सांगू?