दोन रिंगा

डिंगोरे, गुरुवार, २७ फेब्रुवारी २००३

पेपरात बातमी आहे. तीस वर्षांपूर्वी अंतराळात सोडलेलं यान कायमचं गप्प झालं. शेवटचा सिग्नल फार क्षीण होता म्हणे. मी जन्मभर प्रोग्रॅम लिहिले, उत्तर आलं नाही तर पुन्हा विचारायचं, हेच यंत्राला शिकवलं. पण थांबायचं कधी?

माझा थोरला भाऊ, दादा, इथून डिंभ्याला घरी परतला की दोन रिंगा देऊन फोन ठेवायचा. म्हणजे पोचला. आपण उचलायचा नाही, उगाच त्याला बिल. दिवाळीनंतर दादा वारला.

आज वहिनी येऊन डिंभ्याला परत गेल्या. संध्याकाळी दोन रिंगा वाजल्या, थांबल्या.

"दादा पोचला," मी बायकोला म्हणालो.

"व्हय," ती म्हणाली, "यष्टी लवकर मिळाली म्हणायची."