लमॉन्टला नसलेला मुलगा

मी, अर्नेस्टीन प्रुइट, वय एकाहत्तर, धंदा केस करण्याचा, राहणार साउथ ब्राँक्स, न्यूयॉर्क, हे स्वखुशीने लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर आहे. मन नाही, पण कायद्याला त्याच्याशी कर्तव्य नाही.

१. घर सरकारी, भाड्याचं. वाटणीचा प्रश्नच नाही. बँकेतली शिल्लक माझ्या अंत्यविधीला वापरावी. पास्टरसाहेबांनी लांबलचक बोलू नये.

२. गरम करायचा लोखंडी कंगवा, कात्र्या आणि खुर्ची शेजारच्या विल्हेमिनाला. तशीही ती दहा वर्षं न विचारता वापरते आहे. हातआरसा मात्र तिला नाही.

३. लमॉन्ट हॉकिन्सची सगळी रॅप गाणी मी लिहिली. दुसऱ्याचे शब्द म्हणणाऱ्या रॅपरची आमच्यात छी-थू होते. त्यातून ते बाईचे निघाले, तर त्याला गल्लीत तोंड दाखवता येत नाही. म्हणून तो माझ्या खुर्चीत बसून कडवी पाठ करायचा आणि मी कागद बेसिनमध्ये जाळायची. रेकॉर्ड कंपनीचा गोरा साहेब म्हणाला होता, "एवढा राग बाईच्या तोंडून कोण ऐकणार?" मीही मान डोलावली. लमॉन्ट माझं नाव न घेता मेला. मी त्याला माफ केलेलं नाही, याची नोंद असावी.

४. माझी मुलगी डॉ. रोशेल कॉलेजात हीच गाणी शिकवते. माझी काळ्या वस्तीतली बोली शाळेत बाईंनी छडीने सुधारली, म्हणून मी ती गाण्यांत लपवली. आता रोशेल ती फळ्यावर लिहून समजावते आणि घरी माझी वाक्यं दुरुस्त करते. गेल्या थँक्सगिव्हिंगला जेवण वाढताना मी तिला सगळं सांगून टाकलं.

"आई, त्या काळातली प्रत्येक बाई म्हणते, गाणं माझं. एखादा कागद आहे का?"

"जाळले."

"बरं. मग जेव आता, निवतंय."

त्यानंतर मी एक ओळही लिहिली नाही. हे मृत्युपत्र सोडून.

५. हातआरसा रोशेलला. 'माझ्या पोराच्या कानामागे देवानं अंगठा टेकवला' हे लमॉन्टचं सगळ्यांत गाजलेलं गाणं. रोशेल, तो अंगठ्याचा डाग म्हणजे गुलामांना दिलेली डागणी, असं तू वर्गात सांगतेस. लमॉन्टला मूलबाळ नव्हतं. मी 'पोरीच्या' लिहिलं होतं, त्याने 'पोराच्या' केलं. तू तेव्हा अकरा दिवसांची होतीस. तुझ्या डागाबद्दल तुझ्याशी कधी बोलले नाही, कारण तो मी गाण्यात देऊन बसले होते.

डावा कान. केस वर घेऊन, मोठ्या आरशाकडे पाठ करून बघ. तू बघशील असं मला वाटत नाही. बघितलंसच, तर केस वर धरायला कुणाला तरी बोलाव. इतकी वर्षं मी धरत होते.

सही: अर्नेस्टीन प्रुइट
साक्षीदार: विल्हेमिना गेन्स, शेजारीण
साक्षीदार: थॅडियस मूडी, चर्चचा ऑर्गनवादक
साउथ ब्राँक्स, ४ मार्च २०२४