बनियनवरची तीन बोटं

साखर कारखाना वसाहत,
मु. पो. लोहारा, जि. उस्मानाबाद
३ जानेवारी १९८६

प्रिय मित्र लिंबाजी यास,

सप्रेम नमस्कार. आम्ही सर्व इकडे खुशाल. तू, कस्तुराबाई वहिनी आणि पोरंबाळं पिंपरीत खुशाल असाल अशी आशा करतो. तेरा वर्षांनी माझं अक्षर बघून तू आधी पाकीट उलटंपालटं करून बघशील, हे मला माहीत आहे. पत्ता बलभीम गुरुजींनी दिला. गुरुजी आता रिटायर झाले, डोळ्यांना कमी दिसतं, पण आपल्या गावच्या खो-खोच्या पोरांचे पत्ते त्यांना अजून तोंडपाठ आहेत.

यंदाही पावसानं हात आखडता घेतलाय. तुरीची फुलं गळाली. बहात्तरच्या मानानं बरं म्हणायचं इतकंच. आता निदान टँकर वेळेवर येतो.

पत्राचं कारण आनंदाचं आहे. येत्या २६ जानेवारीला कारखान्याच्या मैदानावर माझा सत्कार आहे. चेअरमन नानासाहेबांनी स्वतः मनावर घेतलंय. मैदानाच्या भिंतीवर पेंटरकडून माझं चित्र काढून घेतलं, खांबाला वळसा घालतानाचं. पोट जरा कमी दाखव म्हणून मी पेंटरला चहा पाजला. चित्राखाली हातभर अक्षरांत लिहिलंय : 'व्यंकट. असा पळणारा झाला नाही, होणार नाही.' वाक्य माझंच. स्वतःची आरती स्वतः ओवाळू नये म्हणतात, पण दुसऱ्यानं ओवाळायची वाट बघत बसलं तर निरांजन विझतं. आणि खोटं काय आहे त्यात? आठ वर्षं पळतीला उतरलो, सातच्या सात मिनिटं उभा राहिलो, एकाही सामन्यात अंगाला हात लागू दिला नाही. मला शिवणारा हात अजून जन्माला यायचाय, असं मी तेव्हा म्हणायचो, आजही म्हणतो. गुडघा तेवढा साथ देत नाही.

नानासाहेबांची इच्छा आहे की एखाद्या जुन्या जोडीदारानं स्टेजवर दोन शब्द बोलावेत. जोडीदार म्हटलं की तूच. तुझं नाव सुचवताना मला जरासुद्धा जड गेलं नाही, हे मुद्दाम लिहितो. उस्मानाबादच्या त्या निवडीच्या सामन्याचं मनात काही ठेवू नकोस. खेळात असं होतंच. पंचांनी निकाल दिला, विषय संपला. तू एसटीनं ये, स्टँडवर मी स्वतः घ्यायला येतो.

आई मार्गशीर्षात गेली. दोनच दिवस आजारी होती. शेवटी तुझं नाव घेत होती. ते भेटल्यावर सांगेन.

तुझाच,
अजिंक्य व्यंकट

*

कारखाना वसाहत
१८ जानेवारी १९८६

प्रिय लिंबाजी,

सप्रेम नमस्कार. तुझं उत्तर नाही. टपालाचा घोळ असेल असं चार दिवस म्हणत राहिलो. मग माझं मलाच हसू आलं. पिंपरीचं टपाल काय विलायतेला जातं?

मागच्या पत्रात मी बराच फुगलो होतो. बायको म्हणते तसं, बोलायला लागलो की मला लगाम राहत नाही. आज सरळ लिहायचा प्रयत्न करतो. जमेल तसं.

माझी थोरली, शिवकांता, आता आठवीत आहे. माझ्यासारखीच पळते. माझ्यापेक्षा चांगली पळते, पण हे मी तिला कधी म्हणालो नाही. डिसेंबरात तालुक्याच्या शाळांचा सामना होता. शेवटच्या मिनिटाला तिच्या वेणीला हात लागला. वेणीला! पंचाची पाठ होती, लावणाऱ्या पोरीलासुद्धा कळलं नाही. आणि ह्या पोरीनं आपणहून हात वर केला आणि बाहेर जाऊन बसली. सामना गेला. मी सगळ्या लोकांसमोर तिला ओरडलो, "पंचाला दिसलं होतं का? मग तुला काय पंच केलंय?"

ती रडली नाही. मला म्हणाली, "आजी म्हणती, पंच बघतो म्हणून न्हाय बसायचं. हात लागला म्हणून बसायचं."

मी घरी येऊन आईवर उखडलो. पोरीला काय काय शिकवतेस म्हणून. आई जात्याजवळ बसली होती. ती एवढंच म्हणाली, "तुला पण हेच शिकवलं हुतं बाबा. तुझ्यात ऱ्हायलं न्हाय, तिच्यात ऱ्हायलं."

त्यानंतर आठ दिवसांनी आई आजारी पडली. दुसऱ्या दिवशी मला जवळ बोलावून म्हणाली, "पेटीत तळाला हाय. लिंबाजीचं हाय ते. त्याला दी."

तेराव्यानंतर पेटी उघडली. लुगड्यांच्या खाली माझं बनियन निघालं. सामन्यातलं. न धुतलेलं.

लिंबाजी, आपल्या गावची रीत तुला सांगायला नको, पण मला ती एकदा लिहू दे. गावच्या मैदानावर पंच नसायचा, म्हणून बसणारी सगळी पोरं तळहाताला काव फासायची. हात लागला की बनियनवर तांबडी बोटं उठायची, भांडण नको. आणि बोटं उठायच्या आतच ज्याला लागलं त्यानं हात वर करायचा, नाहीतर चार दिवस त्याच्याशी कुणी बोलायचं नाही. काव माझी आई द्यायची, भिंतीच्या पट्ट्याला आणलेली. पहिल्या वर्षी ती तुझ्या हातावर वरून टाकायची, अंतर ठेवून. मग एका दिवशी तुझा हात हातात घेऊन चोळून लावली. तू त्या दिवशी खेळलास कसा, ते मला अजून आठवतंय. मी तेव्हा तुझ्यावर जळलो होतो, हेही लिहून टाकतो.

मार्च त्र्याहत्तर. दुष्काळी कामावर तू आणि मी शेजारी बसून खडी फोडायचो आणि दुपारी सुकडी खायचो. कारखाना नुकता उभा राहत होता. नानासाहेबांना कारखान्याचा संघ काढायचा होता आणि आपल्या गावातून एकच पोरगा घेणार होते, नोकरीसकट. म्हणून उस्मानाबादला निवडीचा सामना. तू बसणाऱ्यांत, मी पळणाऱ्यांत. मला बाद केलंस तर तू, नाही तर मी. बाकी कुणी त्या जागेच्या जवळपास नव्हतं.

तुम्ही बसणारे काव लावून आलात तेव्हा पंच म्हणून उभे असलेले बलभीम गुरुजी म्हणाले, "ही काय गावची जत्रा हाय का? हात पुसा." धुवायला पाणी कुठलं, प्यायलाच नव्हतं. चड्डीला पुसलेत. पण घाम आला की तळहाताच्या रेषांतली काव पुन्हा वर येते. ते तुला माहीत होतं. मलाही माहीत होतं.

सहावं मिनिट. खांबापाशी तू सूर मारलास. मी कमरेतून वाकलो, पण डाव्या बरगडीला तुझी बोटं लागली. हलकी नव्हती लिंबाजी, चांगली लागली. खडीच्या कामावरचा हात तुझा, खरबरीत. गुरुजी पलीकडच्या रेषेवर होते. तू "बाद!" म्हणून ओरडलास आणि माझ्याकडे बघत उभा राहिलास. गुरुजींकडे नाही, माझ्याकडे. मी हात वर करणार याची तुला खात्री होती.

मी पाय घसरल्याचं सोंग केलं आणि मातीत पडून डावीउजवी लोळलो. जागच्या जागी दोनदा. डाग मळून जावा म्हणून. लोक म्हणाले, बिचारा पडला. मग उठून गुरुजींना म्हणालो, "आईची शप्पथ, हात लागला न्हाय." डावा हात बरगडीला दाबून धरला होता. मुका मार लागलाय म्हणालो.

तेव्हा गर्दीतून कुणी तरी बोललं, "ह्याची लायकी काय रं, व्यंकटला हात लावायची!" कोणत्या लायकीबद्दल ते बोलले हे तिथल्या पोराटोरालासुद्धा कळलं. लोक हसले.

मीही हसलो. हे आजवर मी कुणाला सांगितलेलं नाही. शपथ खोटी खाल्ली त्यापेक्षा हे हसणं मला जास्त टोचतं. शपथ भीतीनं खाल्ली होती. हसलो तेव्हा भीती संपली होती.

तू खोटारडा ठरलास. खो-खो सोडलास, महिन्याच्या आत गाव सोडलंस. मी टाइमकीपर झालो. आजही त्याच खुर्चीवर बसतो.

त्या दिवशी घरी आलो. त्या साली कपडे पंधरवड्यातून एकदा धुवायचे. आईनं बनियन हातात घेतलं, उजेडाकडे धरलं. मी किती लोळलो तरी बरगडीवरचं राहिलंच होतं. चार नाही, तीन बोटं. खडी फोडताना तुझं पहिलं बोट ठेचलं होतं, त्याला चिंधी होती, म्हणून तीनच. बाकी कुणाचा हात असेल म्हणायलासुद्धा सोय राहिली नाही. आईनं ते घडी घालून पेटीत ठेवलं. पुढं टँकर आला, पाऊस पडला, विहीर भरली, बाकीचे कपडे शंभरदा धुतले. ते बनियन तिनं पाण्यात घातलं नाही.

मी मात्र त्यानंतर आणखी मोठ्यानं बोलायला लागलो. झाला नाही, होणार नाही. रोज म्हणायचो. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही म्हणतात. मी तेरा वर्षं कोंबडं काखेत दाबून हिंडलो.

बनियन उद्या वेगळ्या रजिस्टर पार्सलनं पाठवतो. ते तुझं आहे. २६ तारखेला स्टेजवर सगळ्यांसमोर सांगणार आहे. शब्द देतो. तू आलास तर बरं, नाही आलास तरी सांगणार.

तुझा
व्यंकट

ता. क. शिवकांतानं पेटीजवळ विचारलं, "बाबा, ह्यो डाग कसला?" मी म्हणालो, पेटीचा गंज.

*

(पोस्टकार्ड)

२ फेब्रुवारी १९८६

लिंबाजी,

सप्रेम जय भीम. मी सांगितलं नाही.

माईक हातात आला. समोर हजारभर माणसं, भिंतीवर माझं चित्र. पहिलं वाक्य तयार होतं : 'मला एका हातानं बाद केलं होतं.' तोंडातून निघालं, "आजवर मला कुणाचा हात लागला नाही." टाळ्या पडल्या. सगळ्यांत जोरात शिवकांतानं वाजवल्या. उभी राहून. वेणीला हात लागला म्हणून बाहेर जाऊन बसणारी माझी पोरगी, बापाच्या खोट्याला टाळ्या वाजवत होती, आणि तिला खरंच वाटत होतं.

परवा पार्सल परत आलं. 'घेण्यास नकार.' वेष्टणावर तुझं अक्षर : 'मला माहीत आहे. ज्यांना माहीत नाही त्यांना दाखव.' तेरा वर्षांत तुझ्याकडून आलेलं पहिलं आणि बहुतेक शेवटचं वाक्य. तू शिव्या दिल्या असत्यास तर मला सोपं गेलं असतं.

म्हणून हे कार्ड उघडं. पाकिटात घालून तुझ्या कानात सांगण्यात काय अर्थ होता? तुझ्या पोस्टमननं वाचावं, चाळीतल्या कुणीही वाचावं : मार्च १९७३ ला उस्मानाबादच्या सामन्यात लिंबाजीनं मला सहाव्या मिनिटाला बाद केलं. मी खोटी शपथ घेतली. नोकरी त्याची होती. हाच मजकूर नानासाहेबांना, बलभीम गुरुजींना आणि गावच्या शाळेच्या फळ्यासाठी वेगळ्या कार्डांवर लिहिलाय. बनियन शाळेतच देणार आहे, न धुता. नानासाहेब खुर्ची काढून घेतील तर घेवोत. पेंटरला भिंतीवर चुना मारायला सांगितलं. तो म्हणाला, चित्र चांगलं आलंय, कशाला? त्यालाही सांगितलं.

माफी मागत नाही. ती मागायची वेळ मैदानावरच होती, तू माझ्याकडे बघत उभा होतास तेव्हा.

चारही कार्डं आता शिवकांताच्या हातात देतो, टपालपेटीत टाकायला. कार्ड हातात आलं की वाचत वाचत जायची तिला सवय आहे. यावेळी मी तिला ओरडणार नाही.

जागा संपली. हात वर केलाय.

तुझ्या हातानं बाद झालेला
व्यंकट